होनस वॅग्नर

योहानेस पीटर वॅग्नर, प्रचलित नाव होनस वॅग्नर (२४ फेब्रुवारी, १८७४:शार्टियर्स, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका - ६ डिसेंबर, १९५५:कार्नेगी, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका) हे अमेरिकेचे बेसबॉल खेळाडू होते. १८९७ ते १९१७ या २१ हंगामांत ते नॅशनल लीगमधील लुईव्हिल कर्नल्स (१८९७-९९) आणि पिट्सबर्ग पायरेट्स (१९००-१७) या दोन संघांकडून खेळले. शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षणाच्या जागी खेळलेल्या खेळाडूंमध्ये ते आजवरचे सर्वश्रेष्ठ मानले जातात. नॅशनल लीगमध्ये वर्षातील सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा मान त्यांनी आठ वेळा मिळविला. १९३६ साली बेसबॉलच्या राष्ट्रीय हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे कीर्तिदालनासाठी, पहिल्यांदा मतदान झाले तेव्हा पाच खेळाडू निवडून आले. वॅग्नर त्यांपैकी एक होते.

पिट्सबर्ग शहराच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व आणखी वेगळे आहे. ज्या गावात जन्म झाला त्याच गावात त्यांचा मृत्यू झाला, आणि त्या गावापासून काही मैलांवर असलेल्या मैदानावर त्यांनी आपल्या उमेदीची सगळी वर्षे घालविली. मोठ्या मानधनाच्या मागे शहरे बदलणाऱ्या खेळाडूंच्या जगात हे तेव्हाही दुर्मीळ होते.

खेळाविषयी थोडेसे

मराठी वाचक क्रिकेटला सरावलेला असल्यामुळे काही संज्ञा आधीच स्पष्ट करणे सोयीचे होईल. बेसबॉलच्या मैदानात चौकोनाच्या कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. पिचरने फेकलेला चेंडू फलंदाज टोलवितो आणि एकेक बेस गाठत पुन्हा मूळ ठिकाणी, म्हणजे होम बेसवर, परतला की एक धाव होते. एकाच फटक्यावर दोन किंवा तीन बेस गाठता आले तर त्यांची निराळी नोंद ठेवतात. फटका बसण्याची वाट न पाहता, पिचरची नजर चुकवून पुढचा बेस गाठण्याला बेसचोरी म्हणतात आणि ती पूर्णपणे नियमसंमत आहे. शॉर्टस्टॉप हा दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधोमध उभा राहतो. बहुतेक फलंदाज उजव्या हाताने खेळणारे असल्यामुळे वेगवान जमिनी फटके त्याच्याकडे अधिक येतात आणि ते अडवून क्षणार्धात लांबवर फेक करावी लागते. म्हणून ही जागा अतिशय अवघड समजली जाते.

फलंदाजीची सरासरी येथे अपूर्णांकात मांडतात. दहा प्रयत्नांपैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणाऱ्याची सरासरी ०.३०० होते आणि तो उत्तम फलंदाज ठरतो. दहापैकी सात वेळा अपयशी होणाऱ्याला उत्तम म्हणणारा हा खेळ आहे, ही गोष्ट पुढील मजकूर वाचताना ध्यानात ठेवावी.

जन्म व बालपण

वॅग्नर यांचे आईवडील जर्मनीतून स्थलांतरित झालेले होते. पीटर व कॅथरीन यांना नऊ अपत्ये झाली, त्यांपैकी पाच जगली. घरात जर्मन बोलली जाई. योहानेस या नावाचे घरगुती रूप होनस असे झाले आणि तेच पुढे जगभर चालले. पिट्सबर्गच्या परिसरात त्या काळी कोळशाच्या खाणी, लोखंड-पोलादाच्या भट्ट्या आणि रेल्वेमार्ग यांचे दाट जाळे होते व युरोपातून येणाऱ्या श्रमिकांना तेथे सहज काम मिळत असे. वडील खाणीत काम करीत. वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सोडून होनसही वडील आणि भावांबरोबर खाणीत उतरले. खाणीत बालकामगार असणे ही त्या काळी बातमी नव्हती.

थोरल्या भावाच्या हाताखाली त्यांनी केशकर्तनाचेही काम शिकून घेतले होते. कोळशाच्या धुळीपेक्षा ते बरे होते. पण त्यांचे मन रमत होते ते सुट्टीच्या दिवशी भावांबरोबर मोकळ्या जागेत खेळल्या जाणाऱ्या बेसबॉलमध्ये. १८९४ साली शार्टियर्स आणि शेजारचे मॅन्सफील्ड ही दोन गावे एकत्र करून नव्या गावाला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांचे नाव देण्यात आले. वॅग्नर यांच्या चरित्रात जन्मस्थळ आणि मृत्युस्थळ यांची नावे वेगळी दिसतात, त्याचे कारण एवढेच. गाव एकच आहे.

व्यावसायिक खेळाची सुरुवात

होनस यांचा भाऊ आल्बर्ट हा कुटुंबातला पहिला व्यावसायिक खेळाडू. १८९५ साली ओहायो राज्यातील स्टूबेनव्हिल येथील संघाला खेळाडूची गरज पडली तेव्हा आल्बर्टने धाकट्या भावाची शिफारस केली. त्या एका वर्षात होनस छोट्या लीगांमधील पाच संघांकडून खेळले. आज एका गावी, उद्या दुसऱ्या. मिळेल त्या जागेवर उभे राहायचे आणि मिळेल ते मानधन घ्यायचे, असा तो काळ होता. पुढे प्रत्येक जागेवर खेळू शकणारा खेळाडू म्हणून त्यांची जी ख्याती झाली, तिचे मूळ या भटकंतीत असावे.

१८९६ साली एड बॅरो यांनी त्यांना न्यू जर्सी राज्यातील पॅटरसनच्या संघात घेतले. हेच बॅरो पुढे न्यू यॉर्क यँकीज संघाचे नामांकित व्यवस्थापक झाले. वॅग्नर रेल्वेच्या आवारात कोळशाचे ढेकूळ लांबवर फेकत असताना त्यांनी ते पाहिले आणि त्या हाताची ताकद ओळखून तिथल्या तिथे करार केला, अशी कथा सांगितली जाते. कथा रंगवलेली असणे शक्य आहे, पण हाताची ताकद खरी होती.

जुलै १८९७ मध्ये लुईव्हिलच्या संघाने २,१०० डॉलर देऊन वॅग्नर यांना विकत घेतले. १९ जुलै रोजी ते नॅशनल लीगमधील पहिला सामना खेळले. त्या वर्षीच्या ६१ सामन्यांत त्यांची सरासरी ०.३३८ होती. खाणकाम सोडून दोनच वर्षे झालेला हा तरुण देशातील सर्वोच्च लीगमध्ये पाहुण्यासारखा नव्हे, घरच्यासारखा वावरू लागला.

पिट्सबर्गला परत

१८९९ च्या हंगामानंतर नॅशनल लीगने संघांची संख्या बारावरून आठवर आणली. लुईव्हिलचा संघ बंद झाला. त्याचे मालक बार्नी ड्रायफस हे स्वतःही जर्मनीतून आलेले. त्यांनी पिट्सबर्गच्या संघात भागीदारी मिळविली आणि आपले उत्तम खेळाडू तेथे नेले. वॅग्नर, फ्रेड क्लार्क, टॉमी लीच, डीकन फिलिपी असे मोहरे एकाच वेळी पिट्सबर्गला येऊन दाखल झाले. एका संघाच्या विसर्जनातून दुसऱ्या संघाचे सुवर्णयुग सुरू झाले आणि वॅग्नर यांच्या बाबतीत घर व मैदान पुन्हा जवळ आले.

पहिल्याच हंगामात, १९०० साली, त्यांनी ०.३८१ ही आपल्या कारकिर्दीतील सर्वोच्च सरासरी गाठली. पायरेट्सनी १९०१, १९०२ आणि १९०३ अशी सलग तीन वर्षे नॅशनल लीगचे अजिंक्यपद जिंकले. १९०१ साली नव्याने उभी राहिलेली अमेरिकन लीग जुन्या लीगचे खेळाडू भरघोस पैसे देऊन पळवीत होती. अनेक संघ त्यात खिळखिळे झाले. वॅग्नर जागचे हलले नाहीत.

१९०३ पर्यंत ते संघात जिथे गरज असेल तिथे खेळत. पहिला बेस, तिसरा बेस, बाहेरचे क्षेत्र, सगळीकडे. आश्चर्य असे की ज्या जागेमुळे त्यांचे नाव अमर झाले ती शॉर्टस्टॉपची जागा त्यांनी कायमची स्वीकारली तेव्हा त्यांचे वय तिशीला टेकले होते.

१९०३ ची मालिका आणि नाकारलेला मान

१९०३ साली दोन्ही लीगांच्या विजेत्यांमध्ये प्रथमच वर्ल्ड सिरीज खेळविण्याचे ठरले. आधुनिक वर्ल्ड सिरीजची ही सुरुवात. नऊ सामन्यांच्या मालिकेत पिट्सबर्गची गाठ बॉस्टनच्या संघाशी पडली. पहिल्या चार सामन्यांनंतर पिट्सबर्ग ३-१ असे पुढे होते. त्यानंतर बॉस्टनने सलग चार सामने जिंकून मालिका ५-३ अशी खिशात घातली.

पराभवाला कारणे होती. पिट्सबर्गचे दोन प्रमुख पिचर दुखापत व आजारपण यांमुळे जवळजवळ निकामी झाले होते आणि सगळा भार फिलिपी यांच्यावर पडला. पण लोकांना आठवले ते वॅग्नर यांचे अपयश. त्या वर्षीचा लीगमधील अव्वल फलंदाज मालिकेत २७ प्रयत्नांत केवळ सहा यशस्वी फटके मारू शकला. क्षेत्ररक्षणात त्यांच्या हातून सहा चुका झाल्या. बॉस्टनच्या पाठीराख्यांनी टेसी नावाच्या त्या काळच्या लोकप्रिय गाण्याचे शब्द बदलून वॅग्नर यांच्या नावाने चिडविणारी कवने रचली आणि ती सामन्याभर गाऊन त्यांना हैराण केले. शेवटच्या सामन्यात शेवटचा बाद होणारा फलंदाजही वॅग्नरच होते. बॉस्टनचे पिचर बिल डिनीन यांच्या चेंडूंवर त्यांचे तीन स्ट्राइक झाले आणि पहिली वर्ल्ड सिरीज संपली.

हे शल्य त्यांना फार लागले. पुढच्या वसंतात अव्वल फलंदाजांच्या तसबिरी एकत्र लावून त्यांचा मानाचा संग्रह करण्याची एक योजना निघाली. तिलाही हॉल ऑफ फेम असेच नाव दिलेले होते. वॅग्नर यांच्याकडे तसबीर मागण्यात आली, तेव्हा वर्ल्ड सिरीजमधील आपल्या खेळाकडे बोट दाखवून त्यांनी ती पाठविण्यास नकार दिला. त्या मागणीला ते सर्वार्थाने पात्र होते. नुकतेच त्यांनी ०.३५५ सरासरीने लीगचा मान मिळविला होता. तरीही आठ सामन्यांतील अपयश त्यांनी वर्षभराच्या यशापेक्षा जड मानले. बत्तीस वर्षांनी खरोखरीचे कीर्तिदालन उभे राहत असताना मतदारांनी जो निकाल दिला, त्याच्या पार्श्वभूमीवर हा नकार मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

शरीरयष्टी व खेळाची शैली

वॅग्नर यांना पाहून हा चपळ खेळाडू असेल असे कोणालाही वाटले नसते. उंची सुमारे पाच फूट अकरा इंच, वजन दोनशे पौंडांच्या आसपास, छाती पिंपासारखी, खांदे भक्कम, हात गुडघ्यांकडे पोचतील इतके लांब आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. पंजे एवढे मोठे की जमिनीवरचा चेंडू उचलताना त्याबरोबर माती आणि खडेही येत, आणि पहिल्या बेसकडे चेंडू फेकला की त्याच्यासोबत खड्यांचा वर्षाव होई, असे वर्णन त्यांचे समकालीन करीत असत. अतिशयोक्ती वगळली तरी चित्र खरे आहे. त्या काळचे हातमोजे लहान आणि पातळ असत, मैदाने खडबडीत असत, आणि चेंडू अडविणे हे मुख्यतः हाताचेच काम होते.

हा बोजड दिसणारा माणूस धावू लागला की वाऱ्यासारखा जाई. त्यावरून त्यांना फ्लाइंग डचमन, म्हणजे उडता डच, असे टोपणनाव पडले. येथील डच हा शब्द हॉलंडशी संबंधित नसून जर्मन या अर्थाच्या डॉइच शब्दाचा अपभ्रंश आहे. नॅशनल लीगमध्ये बेसचोरीत ते पाच हंगामांत अव्वल राहिले. कारकिर्दीत त्यांनी ७२० हून अधिक बेस चोरले. एकाच डावात दुसरा, तिसरा आणि होम असे तिन्ही बेस चोरण्याचा पराक्रम त्यांनी चार वेळा केला.

त्यांच्या काळाला बेसबॉलच्या इतिहासात मृत चेंडूचे युग म्हणतात. एकच चेंडू सामनाभर वापरीत. तो मळे, मऊ पडे आणि दूर जात नसे. होमरन क्वचित होत. त्यामुळे फटक्यांची जागा अचूक निवडणे आणि वेगाने धावणे यांना फार मोल होते. वॅग्नर यांचे तीन बेसचे २५२ फटके त्या कौशल्याची साक्ष देतात. या यादीत त्यांच्या पुढे केवळ सॅम क्रॉफर्ड आणि टाय कॉब हे दोघेच आहेत. १ सप्टेंबर १९०५ रोजी लुईव्हिलच्या हिलरिक कंपनीने त्यांची सही असलेली बॅट बाजारात आणण्याचा करार केला. खेळाडूचे नाव वापरून खेळसाहित्य विकण्याचा असा करार करणारे ते पहिले बेसबॉलपटू समजले जातात.

१९०८ चा हंगाम

१९०८ च्या हंगामाआधी वॅग्नर यांनी आपण निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. शरीर थकले होते, मासेमारी आणि शिकार यांची ओढ होती. ड्रायफस यांनी त्यांचे मानधन ५,००० वरून १०,००० डॉलर केले आणि ते परतले. निवृत्तीची भाषा मनापासूनची होती की मानधनासाठी, यावर त्यांचे चरित्रकार अजून वाद घालतात. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. पुढे दहा वर्षे ते खेळले, पण या आकड्याच्या वर त्यांचे मानधन गेले नाही आणि त्यांनी त्यासाठी तक्रारही केली नाही.

परतल्यावर त्यांनी जो खेळ केला तो त्यांच्या आयुष्यातील सर्वोत्तम होय. त्या वर्षी पिचरांचे इतके वर्चस्व होते की संपूर्ण नॅशनल लीगची सरासरी ०.२३९ वर घसरली होती. वॅग्नर यांची सरासरी ०.३५४ होती. एकूण यशस्वी फटके (२०१), दोन बेसचे फटके (३९), तीन बेसचे फटके (१९), इतरांना धाव मिळवून देणारे फटके (१०९) आणि बेसचोरी (५३) या सगळ्यांत ते पहिले होते. होमरनच्या यादीत दोनने मागे पडून ते दुसरे आले. संघाचे अजिंक्यपद मात्र एका सामन्याच्या फरकाने हुकले.

१९०९: कॉब यांच्याशी सामना

१९०३ नंतर वर्ल्ड सिरीज खेळण्यासाठी वॅग्नर यांना सहा वर्षे थांबावे लागले. ३० जून १९०९ रोजी पिट्सबर्गमध्ये फोर्ब्स फील्ड हे पोलाद आणि काँक्रीटचे नवे मैदान सुरू झाले आणि त्याच वर्षी पायरेट्सनी ११० सामने जिंकून लीगचे अजिंक्यपद मिळविले. समोर डेट्रॉइट टायगर्सचा संघ होता आणि त्या संघात बावीस वर्षांचे टाय कॉब होते. दोन्ही लीगांचे अव्वल फलंदाज समोरासमोर आले. एक पस्तिशीचा, शांत, मितभाषी. दुसरा तरुण, आक्रमक, भांडखोर. वृत्तपत्रांना यापेक्षा अधिक काय हवे होते?

मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि पिट्सबर्गने ती ४-३ अशी जिंकली. वॅग्नर यांची सरासरी ०.३३३ आणि बेसचोरी सहा. कॉब यांची सरासरी ०.२३१ आणि बेसचोरी दोन. बेब ॲडम्स या नवख्या पिचरने तीन सामने जिंकून दिले, त्यामुळे विजयाचे श्रेय एकट्या वॅग्नर यांना देणे अन्यायाचे ठरेल. तरी १९०३ चा डाग पुसला गेला, ही भावना शहरात होती.

या मालिकेतील एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. कॉब यांनी पहिल्या बेसवरून वॅग्नर यांच्या जर्मन वंशाचा उल्लेख करून अपशब्द वापरला, आपण धावत येत असल्याची धमकी दिली आणि वॅग्नर यांनी त्यांना बाद करताना चेंडू तोंडावर असा आदळला की ओठ फाटला. कथा चटकदार आहे. पण तिला समकालीन पुरावा मिळत नाही, आणि कॉब यांनी ती पुढे साफ नाकारली. दोघांचे संबंध नंतर सलोख्याचेच राहिले. हा प्रसंग आख्यायिका म्हणूनच वाचावा.

सिगारेटच्या पाकिटातील चित्र

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंची रंगीत चित्रे घालण्याचा उपक्रम केला. ही चित्रे जमविण्याचे वेड मुलांना लागले. पिट्सबर्गमधील एका खेळ-वार्ताहराने वॅग्नर यांची परवानगी मिळवून दिल्यास त्याला दहा डॉलर मिळणार होते. वॅग्नर यांनी नकार कळविला आणि वार्ताहराचे नुकसान होऊ नये म्हणून स्वतःच दहा डॉलरचा धनादेश पाठवून दिला. कंपनीने चित्राची छपाई थांबविली, परंतु तोवर थोड्या प्रती बाहेर पडल्या होत्या.

नकाराचे कारण काय, याविषयी दोन मते आहेत. आपले चित्र मिळावे म्हणून मुलांनी सिगारेट विकत घ्यावी हे त्यांना पटले नाही, हे पहिले मत. कंपनीने योग्य मोबदला देऊ केला नाही, हे दुसरे. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असत आणि त्याआधी एका सिगारच्या जाहिरातीत त्यांचे चित्र येऊन गेले होते, याकडे दुसऱ्या मताचे लोक लक्ष वेधतात. पण पैशासाठी अडून बसलेला माणूस पदरचे दहा डॉलर दुसऱ्याला कशाला पाठवील, हा प्रश्न उरतोच. पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

नकाराचा परिणाम मात्र अजब झाला. त्या चित्राच्या जेमतेम साठेक प्रती आज अस्तित्वात असल्याचे मानतात. दुर्मीळतेमुळे त्याची किंमत चढत गेली. १९९१ साली आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्यांच्या भागीदाराने एक प्रत ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतली. २०२२ साली दुसरी एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. वॅग्नर यांनी २१ हंगामांत मिळविलेले सगळे मानधन एकत्र केले तरी या रकमेच्या जवळपास पोचत नाही. ग्रेट्झकी यांच्याकडील प्रतीच्या कडा विक्रीपूर्वी छाटलेल्या होत्या, हे तिच्या विक्रेत्याने २०१३ साली न्यायालयात कबूल केले.

उत्तरार्ध व निवृत्ती

१९११ साली ०.३३४ सरासरीने वॅग्नर यांनी लीगमध्ये आठव्यांदा पहिला क्रमांक मिळविला. नॅशनल लीगमधील हा उच्चांक पुढे टोनी ग्विन यांनी गाठला, पण तो मोडणारा अजून झालेला नाही. १८९९ ते १९१३ अशी सलग पंधरा वर्षे त्यांची सरासरी ०.३०० च्या खाली आली नाही. ९ जून १९१४ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांनी तीन हजारावा यशस्वी फटका मारला. विसाव्या शतकात हा टप्पा गाठणारे ते पहिले खेळाडू. त्यांच्याआधी केवळ कॅप ॲन्सन यांनी तो गाठला होता.

डिसेंबर १९१६ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी बेसी स्मिथ यांच्याशी विवाह केला. पुढील वर्षी संघाची अवस्था बिकट असताना व्यवस्थापकपदाची जबाबदारी त्यांच्यावर आली. पाच सामन्यांत चार पराभव झाल्यावर त्यांनी ती सोडून दिली. इतरांवर हुकमत गाजविणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. सप्टेंबर १९१७ मध्ये ते अखेरचा सामना खेळले. कारकिर्दीची सरासरी ०.३२८ भरली.

यानंतरची पंधरा-सोळा वर्षे फारशी सुखाची नव्हती. महाविद्यालयीन संघाला प्रशिक्षण, पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात सार्जंट-ॲट-आर्म्स हे पद, शेरीफपदाच्या निवडणुकीत पराभव, खेळसाहित्याच्या दुकानात भागीदारी असे नाना उद्योग झाले. महामंदीच्या काळात आर्थिक ओढाताण झाली. १९३३ साली पायरेट्सनी त्यांना प्रशिक्षक म्हणून परत बोलाविले आणि पुढे जवळजवळ वीस वर्षे ते संघाचा गणवेश घालून मैदानावर हजर राहिले. आर्की व्हॉन आणि राल्फ काइनर यांसारखे खेळाडू त्यांच्या नजरेखाली तयार झाले.

हॉल ऑफ फेमसाठी निवड

न्यू यॉर्क राज्यातील कूपरस्टाउन या गावी बेसबॉलचे कीर्तिदालन उभारण्याची योजना १९३०च्या दशकाच्या मध्यास पुढे आली. पहिल्या खेळाडूंची निवड बेसबॉल-वार्ताहरांच्या संघटनेकडे सोपविण्यात आली. प्रत्येक मतदाराने दहा नावे लिहावयाची आणि निवडून येण्यास तीन चतुर्थांश मते हवीत, असा नियम होता. एकूण २२६ मतदारांनी भाग घेतला, म्हणजे किमान १७० मते आवश्यक होती. फेब्रुवारी १९३६ मध्ये निकाल लागला. टाय कॉब यांना २२२, बेब रूथ आणि होनस वॅग्नर यांना प्रत्येकी २१५, क्रिस्टी मॅथ्यूसन यांना २०५ आणि वॉल्टर जॉन्सन यांना १८९ मते मिळाली. बाकी कोणीही रेषा ओलांडू शकले नाही.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. बेब रूथ यांना निवृत्त होऊन वर्षही झाले नव्हते. देशातील प्रत्येक मुलाला त्यांचे नाव ठाऊक होते आणि होमरनच्या नव्या युगाचे ते दैवत होते. वॅग्नर यांना खेळ सोडून एकोणीस वर्षे लोटली होती. मतदारांपैकी अनेकांनी त्यांना भर उमेदीत पाहिलेही नसावे. शिवाय ते न्यू यॉर्कमध्ये नव्हे, धुराने काळवंडलेल्या पिट्सबर्गमध्ये खेळले होते. अशा स्थितीत रूथ यांच्याइतकीच मते पडणे ही लहान गोष्ट नव्हे. पहिल्या मतदानात यश मिळणे किती कठीण असते ते इतर नावांवरून समजते. पिचर म्हणून सर्वाधिक विजयांचा उच्चांक ज्यांच्या नावावर आहे त्या साय यंग यांना त्या वर्षी १११ मतेच पडली आणि त्यांना १९३७ पर्यंत वाट पाहावी लागली. यंग यांच्या कारकिर्दीचा बराच भाग एकोणिसाव्या शतकातील होता आणि त्या शतकासाठी निराळे मतदान असल्याने त्यांची मते विभागली गेली. पुढील पिढीतील जो डिमॅजियो यांच्यासारखा खेळाडूही पहिल्या प्रयत्नात निवडून आला नाही.

या यशाबरोबर एका अन्यायाचीही नोंद करणे आवश्यक आहे. वॅग्नर यांच्याच काळात जॉन हेन्री लॉइड नावाचे एक कृष्णवर्णीय शॉर्टस्टॉप होते. त्यांचा खेळ इतका मिळताजुळता होता की लोक त्यांना काळा वॅग्नर म्हणत. वर्णभेदामुळे त्यांना मोठ्या लीगची दारे बंद होती आणि १९३६ च्या मतपत्रिकेचा तर प्रश्नच नव्हता. लॉइड यांची तुलना आपल्याशी केली जाते याचा वॅग्नर यांना अभिमान वाटत असे. लॉइड यांना कीर्तिदालनात स्थान मिळाले ते १९७७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी.

१२ जून १९३९ रोजी कूपरस्टाउन येथे कीर्तिदालनाचे उद्घाटन झाले. तोवर निवडल्या गेलेल्यांपैकी हयात असलेले अकराही जण उपस्थित राहिले. कॉब उशिरा पोचल्याने त्या दिवसाच्या प्रसिद्ध छायाचित्रात दहाच जण दिसतात. मागच्या रांगेत एका टोकाला वॅग्नर उभे आहेत. समारंभानंतर एक प्रदर्शनीय सामना झाला. त्यासाठी वॅग्नर आणि एडी कॉलिन्स यांना कर्णधार नेमले होते, आणि बॅटवर आळीपाळीने मूठ ठेवीत वर जाण्याच्या, गल्लीतील मुलांच्या पद्धतीने त्यांनी आपापले गडी निवडले. वॅग्नर यांच्या संघाने तो सामना ४-२ असा जिंकला.

अखेरची वर्षे व स्मारके

प्रकृती खालावल्यावर १९५० च्या दशकाच्या आरंभी वॅग्नर यांनी प्रशिक्षकपदही सोडले. वॅग्नर खेळत असताना गणवेशावर क्रमांक नसत. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या पाठीवर आलेला ३३ हा क्रमांक पायरेट्सनी त्यांच्या सन्मानार्थ कायमचा बाजूला ठेवला आहे.

३० एप्रिल १९५५ रोजी फोर्ब्स फील्डबाहेर त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. फ्रँक व्हिटर या शिल्पकाराने घडविलेल्या या पुतळ्यात वॅग्नर फटका मारताना दिसतात आणि चौथऱ्यावर त्यांच्याकडे कौतुकाने पाहणारी मुले कोरलेली आहेत. वॅग्नर स्वतः समारंभाला आले, पण अशक्तपणामुळे मोटारीतून उतरू शकले नाहीत. त्यांनी आतूनच हात हलवून लोकांना अभिवादन केले. त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी कार्नेगी येथील राहत्या घरी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

१९९९ साली मेजर लीग बेसबॉलच्या शतकातील सर्वोत्तम संघासाठी चाहत्यांचे मतदान झाले, तेव्हा वॅग्नर यांना पुरेशी मते मिळाली नाहीत. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेला मतदार आता उरला नव्हता. तज्ज्ञांच्या समितीने त्यांचे नाव नंतर संघात समाविष्ट केले. कार्नेगी गावातील इतिहास मंडळाने त्यांच्या वस्तूंचे छोटेसे संग्रहालय जपले आहे. फोर्ब्स फील्ड १९७० साली बंद पडल्यावर पुतळा थ्री रिव्हर्स स्टेडियमपाशी नेण्यात आला आणि तेही पाडले गेल्यावर २००१ साली सुरू झालेल्या पीएनसी पार्क या मैदानाच्या प्रवेशद्वाराजवळ तो बसविण्यात आला.